धरसोड

रविवारी सकाळी सात वाजता
गालिच्यांच्या बंद गोदामामागे
आपण दोघी आणि चौदा वर्षांची मायक्रा.
पुढचा लाल एल वाऱ्याने
एका कोपऱ्यात उचकटलेला.
हॅलिफॅक्स अजून झोपलंय.
एक सीगल, चिप्सचा तेलकट कागद,
आणि मी म्हणतेय, हळूहळू सोड.

"हळूहळू म्हणजे किती?"
तू विचारतेस, आणि गाडी
उचकी लागल्यासारखी दोनदा उसळून
गप्प होते.

किती, ते मला तरी कुठे सांगता येतंय, अन्विता.
इथले शिकवणारे म्हणतात,
क्लच जिथे चावतो ती जागा शोधा.
तेच मी मराठीत सांगितलं तर
तू स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत सुटलीस,
"आई, कोण चावतं?"
मग म्हटलं, दूध उतू जायच्या आधी
त्याचा आवाज बदलतो बघ, तसं.
तू दूध कधी तापवलेलंच नाहीस.
मग म्हटलं, पोहऱ्यात पाणी भरलं
की दोर जड होतो हाताला, तसं.
खरं सांगायचं तर
पोहरा मीही कधी ओढलेला नाही.

शेवटी तोंडातून निघून गेलं,
धरसोड.
थोडं धर, थोडं सोड.

हा शब्द मी साताऱ्याहून मुद्दाम आणला नव्हता,
तोच आला बॅगेच्या अस्तरात.
सुमतीआत्या म्हणायची, पाहुण्यांसमोर,
चहा माझ्या हातात असताना:
हिची सगळी धरसोड.
कथक दोन वर्षं, फार्मसी दीड.
पुढे तुझे बाबा, अकरा.

त्यांनीच शिकवली मला गाडी, याच जागी,
तेव्हा इथे गोदाम नव्हतं, बिंगो होता.
त्यांच्या एका हातात हँडब्रेक
आणि दुसऱ्या हातात माझी चूक.
तीनदा नापास झाले.
परीक्षक दर वेळी सॉरी म्हणायचा.
आता ते लेस्टरला ऑटोमॅटिक चालवतात.
डावा पाय मोकळा.

चल, चढावर जाऊ.

मी म्हणते डावीकडे, तू वळतेस उजवीकडे.
चढ आला की तुझं मराठीही
असंच थोडं मागे घसरतं.
म्हणून नेमक्या नको त्याच गल्लीत आलो,
जिथे काळवंडलेली दगडी घरं
एकीच्या खांद्यावर एक उभी,
कचऱ्याचे डबे तिरपे, फरशी ओली,
वर टोकाला थांबायची पांढरी रेघ
आणि मागे ब्रेडची व्हॅन.

एकदा बंद पडली.
दुसऱ्यांदा.
तिसऱ्यांदा आपण वीतभर मागे गेलो
आणि माझा पाय रबरी चटईवर
दाबला गेला, नसलेल्या क्लचवर,
जिवाच्या आकांताने.
ओरडणं ओठांपर्यंत आलं होतं.
त्याचा आवाज माझ्या ओळखीचा होता,
पण माझा नव्हता.
गिळलं.

आरशात व्हॅनवाला.
हॉर्न नाही वाजवला त्याने.
केळं सोलायला घेतलं.

तू डोळे मिटलेस
(चढावर! डोळे! तरी मी गप्प)
आणि यॉर्कशरी हेलात पुटपुटलीस,
"धर. सोड. धर."
बॉनेट किंचित वर आलं,
झोपलेलं कुत्रं मान उचलतं तसं.
हँडब्रेक तू काढलास. मी नाही.

वर माळ. मेंढ्या, पवनचक्क्या.
दुसरा, तिसरा.
गिअर टाकताना खाली बघू नकोस.
बरं, बघ.
"आता कुठे?"
"सरळ."
"सरळ म्हणजे उजवं?"
"नाही गं. सरळ म्हणजे सरळ."

माझा पाय अजून चटईवर दाबलेलाच होता.
तो कुठे उचलला, आठवत नाही.